ठमाबाईची अट

ठमाबाई आली तेव्हा फरहा ऑफिसच्या पायरीवर बसून वीज यायची वाट पाहत होती. साल २००७, महिना मे, आणि चंद्रपूरचा मे म्हणजे काही सांगायची सोय नाही. गावाच्या कडेला वीज तयार करणारी धुराडी दिवसरात्र धूर ओकत होती आणि गावात मात्र दुपारभर भारनियमन. फरहाला आता त्याचा रागही येईनासा झाला होता. वीज नसली की संगणक बंद, संगणक बंद की काम बंद, पण थकवा काही बंद होत नव्हता.

संस्थेचा प्रकल्प मार्चमध्येच आटोपला होता. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावागावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपायचे, असं ते काम. कुपावर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या जागी, सागवान तोडलेली माणसं, तेंदूपाला तोडणाऱ्या बाया, धानाच्या चिखलात जन्म घालवलेल्या आज्या. टिपणारी पोरं एकेक करून दुसरीकडे लागली. आवराआवर करायला उरले संस्थेचे अध्यक्ष हरिदासभाऊ आणि संगणकाचं सगळं बघणारी फरहा.

ठमाबाई सिंदेवाहीकडची. मूलच्या स्टँडवर बस बदलून आली होती. साठीच्या पुढची, उंच, वाळलेली, डोक्यावरून घेतलेला पदर घामानं चिकटलेला. तिनं जय भीम केला, फरहानं दिलेलं पाणी उभ्यानंच प्याली आणि मग पायरीवर टेकली.

"मिथुन कुठी हाय? मले त्यालेच विचाराचं हाय."

फरहाला हा प्रश्न नवा नव्हता. गावांतून कुणी आलं की मिथुनचंच नाव घ्यायचं. तिनं नेहमीसारखंच सांगितलं, की मिथुन राहिला नाही. मागच्या पावसाळ्यात आवाज टिपायला भामरागडकडे गेला होता, तिथून ताप घेऊन आला, ताप डोक्यात चढला आणि गेला.

ठमाबाई कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिली. भांडायला म्हणून माणूस घरून निघावं आणि ज्याच्याशी भांडायचं तोच निघून गेलेला असावा, तसं तिचं झालं.

"मंग आता मी कोनाले विचारू?" ती म्हणाली.

हळूहळू तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी मिथुन तिच्या घरी आला होता. तिची तरुणपणची हकिगत त्यानं टिपून घेतली. ती आणि तिचा नवरा श्रावण आलापल्लीकडच्या जंगलात कुपावर कामाला जायचे, तिथल्या झोपड्या, तिथलं दुखणंभानं, सगळं. बोलता बोलता ती अशा गोष्टीपाशी आली, जी तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती. तिची मुलगी सरिता तिच्या पोटची नव्हती. हे माहीत होतं ते एक नवऱ्याला, आणि तो आता नव्हता. मिथुनसमोर ती ते का बोलली, हे तिला आजही कळत नव्हतं. पोरगा गप बसून ऐकत होता, म्हणून असेल. बोलून झाल्यावर मात्र तिला भीती वाटली, आणि तिनं त्याला अट घातली.

"मी म्हनलं, मी मरेपरेंत हे कोनाले आयकवू नोको. त्यानं मले शब्द देल्ला. मंग तो काऊन असा वागला?"

झालं होतं ते फरहाला माहीत होतं, फक्त ते असं कुणाच्या घरात जाऊन पडलंय हे माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये सिंदेवाहीला समारोपाचा कार्यक्रम झाला. बचत गटाच्या बाया आल्या होत्या. हरिदासभाऊंनी निवडक आवाज मोठ्या कर्ण्यावर ऐकवले, आणि त्यातला सगळ्यात चांगला म्हणून ठमाबाईचा. 'माही सरिता माह्या पोटची नाई, पन पोटच्यापेक्षा काई कमी नाई,' या वाक्यावर बायांनी डोळे पुसले होते. त्या बायांत सरिताची नणंद होती. त्या दिवसापासून सरिता माहेरी आली नव्हती.

वीज आली नाही. ठमाबाई तिसऱ्या प्रहरच्या बसनं परत गेली. जाताना फरहानं तिला सांगितलं, की मी शोधते आणि तुमच्या घरी येऊन सांगते. सांगून टाकलं आणि मग तिला वाटलं, हे उगाच बोलले.

हरिदासभाऊंना तिनं सगळं सांगितलं. ते चांगले होते, आणि तेही दमलेले होते. त्यांनी मिथुनची सगळी बाडं पुन्हा चाळली. अटीचा कुठे शब्द नव्हता. शेवटी ते म्हणाले, की पोरगा गुणी होता, पण कामाच्या धांदलीत लिहायचं राहून गेलं असेल, आता गेलेल्या माणसाला काय नावं ठेवायची. हे ते मायेनं बोलले आणि फरहाला तेच जास्त लागलं. मिथुन काही राहून जाऊ देणारा नव्हता. पण 'नव्हता' म्हणून कुणाचं समाधान होतं?

मग तिला एक आठवलं. ऑफिसातल्या विंडोजच्या मशिनांवर मराठी नावांच्या फाइली उघडल्या की नावाच्या जागी चौकोन चौकोन दिसायचे. म्हणून मिथुन आवाजाच्या फाइलींना नुसते आकडे द्यायचा. एकदा तिनं विचारलं होतं, कोण कुणाचा आवाज हे पुढे कसं कळणार? तो म्हणाला होता, "फाइलच्या पाठीवर लिहून ठेवतो. कागद येगळा ठेवला का हरवते." तेव्हा ती घाईत होती. पाठीवर म्हणजे कुठे, हे तिनं विचारलं नाही.

आता तिला ते उमगलं. मिथुनचं मशीन लिनक्सचं होतं, आणि त्यात फाइलीला अशा नोंदी जोडून ठेवायची सोय असते. नोंदीला एक नाव, त्यापुढे मजकूर. फाइल उघडली तर त्या दिसत नाहीत, ऐकली तर ऐकू येत नाहीत. त्या वेगळ्या मागाव्या लागतात. आणि फाइलीची नक्कल करताना कुणी मुद्दाम सांगितलं नाही तर त्या मागेच राहतात. लोकांना द्यायला आवाजांच्या सीड्या काढल्या, तेव्हा सीडी भरून देणाऱ्या दुकानात सगळं विंडोजच्या मशीनवरून गेलं होतं. आवाज गेले, नोंदी गेल्या नाहीत, आणि काही गळालं असा इशारासुद्धा कुठे उमटला नसणार.

मिथुनचं मशीन मागच्या पावसाळ्यात वीज पडून जळालं होतं, पण आतली डिस्क शाबूत होती आणि लोखंडी कपाटात पडून होती. फरहानं ती काढली, आपल्या लिनक्सच्या मशीनला जोडली. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून नुसती वाचण्यापुरती उघडली. नोंदी वाचायचं तयार साधन तिच्याकडच्या सीडीत नव्हतं आणि टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट तर नुसतं तोंड दाखवून जायचं. तेव्हा पॉलिटेक्निकात शिकलेली सी आठवत तिनं स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एवढंच, की प्रत्येक फाइलीबद्दल थेट ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायचं. आधी रिकाम्या हातानं विचारायचं, की या फाइलीवरच्या नोंदींच्या नावांना जागा किती लागेल. आकडा आला की तेवढी जागा करून द्यायची आणि पुन्हा मागायचं. मग नावं येतात, एकाला एक चिकटलेली, मध्ये फक्त एक शून्याचा बाइट. ती सोडवायची, आणि एकेक नाव घेऊन त्याचा मजकूर मागायचा, तोही तसाच दोनदा विचारून.

वीज असेल तेव्हा लिहायचं, गेली की थांबायचं. असं करत एकदाचं ते चाललं. पहिल्या फाइलीला जागा किती? शून्य. दुसरीला शून्य. सगळ्या डिस्कभर शून्य.

म्हणजे हरिदासभाऊंचंच खरं. फरहानं मशीन बंद केलं. पुढचे काही दिवस तिनं त्या डिस्ककडे पाहिलं नाही, नुसती खोकी बांधली. खोकी बांधताना ठमाबाईला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवायची आणि मोडायची. मिथुन विसरला असं म्हणायचं, की त्यानं नोंदच केली नाही असं? दोन्हीचा अर्थ एकच होत होता.

डिस्ककडे ती परत वळली ती काही आशेनं नव्हे. संस्थेचं सामान आता दुसऱ्या एका मंडळाला जायचं होतं आणि डिस्क पुसून द्यावी असं हरिदासभाऊंनी सांगितलं होतं. पुसण्याआधी तिनं एकदा शेवटचं म्हणून पाहिलं. या वेळी नावांची यादी मागितली नाही. अंदाजानं एक नाव घेऊन थेट त्याचाच मजकूर मागितला. उत्तर ठरलेलं होतं, की असा मजकूर नाही.

ते उत्तर आलंच नाही. आलं ते असं, की ही सोय इथे चालू नाही.

फरहा त्या ओळीकडे बघत राहिली. नाही म्हणणं वेगळं आणि इथे विचारताच येत नाही म्हणणं वेगळं. इतके दिवस ती रिकामं घर म्हणून परत फिरत होती, आणि दाराला तर नुसती कडी होती. डिस्क जोडताना तशा नोंदी वाचू द्या असा एक शब्द सिस्टीमला मुद्दाम द्यावा लागतो. तिच्या मशीनवर तो दिलेला नव्हता, म्हणून सिस्टीम त्या नोंदी दाखवतच नव्हती. मिथुननं दिला असेल का? डिस्क कशी जोडायची हे जिथे लिहिलेलं असतं, ती त्याच्याच डिस्कवरची मांडणीची फाइल तिनं उघडली. शब्द तिथे होता.

डिस्क काढून, तो शब्द देऊन पुन्हा जोडली. प्रोग्राम चालवला. शून्याच्या जागी आकडे यायला लागले.

मजकूर पडद्यावर आला तो सगळा प्रश्नचिन्हांचा. काळ्या खिडकीला देवनागरी कळत नव्हती. तो एका फाइलीत उतरवून घ्यावा म्हणून तिनं हात पुढे केला आणि वीज गेली. फरहा खुर्चीत तशीच बसून राहिली. पंखा फिरायचा थांबला, भिंतीवरची पाल खाली आली, रस्त्यावर कुणी बर्फाचा गोळा विकत गेला. ती वीज येईपर्यंत उठली नाही.

मग वीज आली, तिनं मजकूर फाइलीत उतरवला आणि उघडला. ठमाबाईच्या फाइलीवर नाव होतं, गाव होतं, कुपावर काम केल्याची वर्षं होती, आणि 'अट' या नावाची नोंद होती. तिच्यापुढे लिहिलेलं होतं: 'ठमाबाई जिवंत असेपर्यंत कुणालाही ऐकवायचं नाही, संस्थेतही नाही. त्यांच्यामागे मुलगी सरिता हिला एकटीला द्यायचं. मी शब्द दिला आहे. मिथुन.'

तिला आनंद झाला नाही. बरं वाटलं एवढंच, आणि ते बरं वाटणंही फार वेळ टिकलं नाही, कारण अट असलेली ती एकच फाइल नव्हती. कुणी म्हटलं होतं, माझं नाव घेऊ नका. कुणी म्हटलं होतं, गावाबाहेर जाऊ देऊ नका. त्या सगळ्यांचे आवाज सीड्यांवर चढून नागपूरपर्यंत पोचले होते.

हरिदासभाऊंनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला. मग दोष कुणाचा म्हणायचा, असं त्यांनी विचारलं. फरहानं सांगितलं की नक्कल करताना ते गळालं, कुणी टाकलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे कोणाचाच नाही. पण त्या बाईचं जे व्हायचं ते झालंच ना." त्यांनी डिस्क पुसायचं रद्द केलं आणि सीड्या ज्यांना दिल्या त्यांना फोन करायला बसले.

ठमाबाईच्या गावी फरहा सकाळच्या बसनं गेली. ठमाबाई अंगणात मोहाची टोळं, तेलाच्या बिया, फोडत बसली होती. संगणकाचं तिला कसं सांगावं हा फरहाला प्रश्नच होता. शेवटी तिनं धानाचं उदाहरण घेतलं. मिथुननं धानाच्या पोत्याला चिठ्ठी बांधून ठेवली होती, दुसऱ्यानं त्यातलं धान आपल्या पोत्यात ओतून नेलं, चिठ्ठी पहिल्याच पोत्याला राहिली. मग चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते तिनं वाचून दाखवलं.

ठमाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"म्हनजे त्यानं शब्द ठेवला."

"ठेवला, बाई."

"आन् मी त्या पोराले सरापून राह्यली होती. रोज. झोपेतून उठली का सरापो." तिनं हातातला दगड बाजूला ठेवला. तिचा हात टोळांच्या तेलानं माखला होता, तो तिनं कुठेच पुसला नाही.

थोड्या वेळानं तिनं फरहाला विनवलं, की हेच जाऊन सरिताला सांग. मी गेली तर ती दार लावते असं नाही, पण बोलत नाही. मला ते सोसत नाही.

तर फरहा तशीच पुढे सरिताच्या गावी गेली. उन्हं डोक्यावर आली होती. सरिता ओसरीवर चिंचा सोलत होती. गोल चेहऱ्याची, सावळी बाई, दोन लेकरांची आई. तिनं फरहाला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली नाही. तीही दमलेलीच होती. गावात ज्याला त्याला उत्तर द्यायचं, तू मग कुणाची, हे ज्यानं त्यानं हसत विचारायचं. सासू काही बोलत नव्हती, पण तिचं न बोलणंही सरिताला ऐकू येत होतं.

"मी मायले सोडून नाई राह्यली," ती म्हणाली. "मले तिले काय विचाराचं, तेच समजून नाई राह्यलं. तुम्ही मले ते सगळं आयकवा. पुरं."

फरहाला हेच नको होतं. ऐकवता येत नाही, असं तिला सांगावं लागलं. अट अजून आहे, आणि ठमाबाई हयात आहे. खुद्द फरहानंही ते पुरतं ऐकलं नव्हतं, कार्यक्रमात वाजला तेवढाच तुकडा.

सरिता हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. सगळ्या सिंदेवाहीनं ऐकलं आणि मीच ऐकायचं नाही, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा चिंच सोलायला लागली. मी त्यांनाच विचारते, असं म्हणून फरहा उठली.

ठमाबाईच्या गावी परत जायला त्या दिवशी गाडी मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. बसमध्ये उभं राहून, पाठीला घाम, हातात पिशवी, आणि मनात असं, की हे माझं काम आहे का? मिथुन असता तर त्याचं असतं. तो नव्हता, म्हणून तिचं.

ठमाबाईला विचार करायला वेळ लागला नाही. बहुधा तो तिनं आधीच केला होता.

"मी जित्ती हावो तवाच आयकू दे. मी गेल्यावर पोरगी कोनाले विचारन?"

दोघी मायलेकी चंद्रपूरला आल्या त्या एकाच बसनं, पण उतरल्या तेव्हा एक पुढे आणि एक मागे चालत होती. नशिबानं वीज होती. फरहानं दोघींसमोर ठमाबाईची नवी अट विचारून घेतली. जुनी नोंद दुसऱ्या नावानं तशीच राहू दिली, कारण ती मिथुनची होती, आणि तिच्या शेजारी नवी लिहिली: सरितानं आता ऐकावं, बाकी कुणी नाही. लिहिल्यावर ती परत मागून पाहिली. पुरती आली.

सरितानं कानाला हेडफोन लावला. फरहा खोलीतून बाहेर आली. ठमाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, दाराकडे पाठ करून. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ठमाबाईनं एकदा विचारलं, अजून चालू आहे का? फरहानं हो म्हटलं.

सरिता बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तोंड धुतलेलं होतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"पोशक्का नाव होतं तिचं," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"हाव. सिरोंचाकडची. तेलगू बोले. आमाले तिचं अर्धं समजे, अर्धं नाई."

"कशी होती दिसाले?"

ठमाबाई आठवत राहिली. "तुयासारखीच. सावरी. हाडानं मोठी. दोन जिवाची होती तवा माह्यासंग बसे झोपडीत. बाळ झालं, तिसऱ्या दिवशी ताप आला, आन् गेली. माहा पोरगा त्याच म्हयन्यात गेल्ता. मले दूध होतं. तू रडून राह्यली होती. मंग मी तुले घेतलं. येवढंच झालं, बाई. मी काई ठरवून नाई केलं."

"तिचं कोनी आलं नाई?"

"वाट पाह्यली. नाई आलं." मग ती म्हणाली, "आलं असतं तं मी देल्लं असतं का तुले, ते मले नाई सांगता येत."

सरितानं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, बाकावर मधल्या जागेत उलगडलं आणि एक भाकर आईपुढे सरकवली. फरहालाही दिली. तिघींनी तिथेच खाल्लं. सगळं मिटलं असं नव्हतं. सरिता जाताना म्हणाली, की पावसाळ्याआधी एकदा येईन, लेकरांना घेऊन. ठमाबाई म्हणाली, ये. बस स्टँडकडे निघताना या वेळी दोघी बरोबरीनं चालत होत्या, पण बोलत होत्या की नाही ते फरहाला दिसलं नाही.

सीड्यांपैकी काही परत आल्या. काही देतो म्हणून आल्या नाहीत. नागपूरच्या एका गृहस्थांनी तर सांगितलं, की त्याच्या आणखी नकला मी मित्रांना दिल्या, आता कुणाकुणाला ते आठवत नाही. हरिदासभाऊ फोन ठेवायचे आणि डोळे चोळायचे.

अटी असलेल्या माणसांच्या घरी जाऊन सांगून यायचं, असं दोघांनी ठरवलं. पुढचं नाव जंगू होतं, जिवतीच्या डोंगरातला. त्यानं जडीबुटीचं सांगितलं होतं आणि गावाबाहेर जाऊ देऊ नका असं बजावलं होतं. फरहा जिवतीच्या बसमध्ये बसली तेव्हा हवा जळत होती. कंडक्टरनं विचारलं, कुठे. तिनं गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, गाडी तिथवर जात नाही, पुढे पायी जावं लागेल. फरहा म्हणाली, ठीक आहे, द्या तिकीट, आणि खिडकीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.